स्कॉट्स सिंटॅक्स ॲटलास आणि त्याचे दोन सोबती : स्कॉटलंडच्या गावोगावच्या बोली कानावर बसवताना

ग्लासगोमध्ये औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून दीड वर्ष काम केल्यावर मी ईशान्य किनाऱ्यावरील, बान्फच्या बाजूच्या एका मासेमारीच्या गावात नोकरीला आले, तेव्हा स्कॉटलंडमधील लोकांचे बोलणे आता आपल्याला नीट समजते, अशी माझी खात्री झाली होती. ती खात्री पहिल्याच आठवड्यात संपली. एक आजी रक्तदाबाच्या नव्या गोळ्या हातात घेऊन काउंटरशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारले, ‘फू आफन डिव्ह आय टाक धिस, क्वाइन?’ त्यातला ‘फू’ मला ‘फूड’सारखा ऐकू आला आणि मी त्यांना गोळी जेवणानंतर घ्यायला सांगितले. आजींनी तोच प्रश्न पुन्हा, जरा सावकाश विचारला आणि माझ्याकडून पुन्हा तेच उत्तर गेले. ही गोळी दिवसातून किती वेळा घ्यायची, एवढेच त्यांना हवे होते. शेजारी उभ्या असलेल्या सहकारी मुलीने मला हळूच सांगितले, की इकडे ‘हाऊ’ला ‘फू’ म्हणतात आणि मुलीला ‘क्वाइन’. औषधाच्या मात्रेविषयीचा प्रश्न आपल्याला कळू नये, ही गोष्ट माझ्या मनाला फार लागली. त्या संध्याकाळपासून मी कान तयार करण्याची साधने शोधू लागले आणि त्या शोधात जी तीन साधने खरोखर उपयोगी पडली, त्यांचे हे परीक्षण आहे. तिन्ही विनामूल्य आहेत, तिन्ही इंटरनेटवर आहेत आणि तिन्हींपैकी एकही परदेशातून आलेल्या माणसाला बोली शिकवण्यासाठी तयार केलेले नाही.

शिकवण्यासाठी म्हणून जे मिळते, त्याने माझे काम झाले नाही. ‘स्कॉटिश ॲक्सेंट शिका’ अशा नावाने मिळणाऱ्या चित्रफितींमध्ये एखादा हसरा निवेदक दहा-बारा गमतीचे शब्द सांगतो, तेही बहुधा ग्लासगो किंवा एडिनबर्गच्या वळणाचे, आणि ते सगळ्या देशाचे म्हणून आपल्या हाती देतो. मुळात स्कॉटलंडमध्ये तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींशेजारी नांदतात, हेही त्यातून कळत नाही. गेलिक ही केल्टिक कुळातील स्वतंत्र भाषा आहे. स्कॉट्स ही जुन्या इंग्रजीच्या उत्तरेकडील शाखेतून वाढलेली, स्वतःचे साहित्य आणि स्वतःचे बोलीभेद असलेली भाषा आहे. तिसरी, स्कॉटिश वळणाची प्रमाण इंग्रजी, शाळेत आणि कार्यालयात वापरली जाते. जनगणनेत स्कॉट्सविषयीचा प्रश्न प्रथम 2011 मध्ये विचारला गेला, तेव्हा सुमारे 15 लाख लोकांनी आपण ती बोलतो असे सांगितले होते. स्कॉटलंडच्या संसदेने 2025 मध्ये गेलिक आणि स्कॉट्स या दोन्ही भाषांना अधिकृत दर्जा देणारा कायदा संमत केला. प्रत्यक्षात मात्र माणसे स्कॉट्स आणि स्कॉटिश इंग्रजी यांच्यामधल्या उतारावर सतत वर-खाली होत असतात. माझ्याशी बोलताना जे आजोबा जवळजवळ प्रमाण इंग्रजी बोलतात, तेच मागे रांगेत उभ्या असलेल्या शेजाऱ्याकडे वळताच पूर्ण गावच्या बोलीत शिरतात. पुण्या-मुंबईहून गावी गेल्यावर एसटीतून उतरता उतरता ज्यांची भाषा बदलते, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आता मुख्य साधनाकडे वळते. स्कॉट्स सिंटॅक्स ॲटलास हा ग्लासगो विद्यापीठातून चाललेला प्रकल्प असून तो 2019 मध्ये लोकांसाठी खुला झाला. नावाप्रमाणे त्याचा विषय वाक्यरचना हा आहे. कोणत्या गावात कोणती वाक्यरचना चालते, हे संशोधकांना नकाशावर मांडायचे होते. त्यासाठी शेटलंडपासून दक्षिणेच्या टोकापर्यंत 140 हून अधिक गावांत आणि वस्त्यांत जाऊन तिथल्या तरुण आणि वृद्ध अशा दोन्ही पिढ्यांतील लोकांना बोलते केले गेले. या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला निर्णय असा, की मुलाखती घेणारी माणसे विद्यापीठातून आलेली परकी माणसे नव्हती, त्या त्या गावचीच होती. त्यामुळे समोर माइक असूनही माणसे आपापसात बोलतात तशी बोलली आहेत. लहानपणीच्या खोड्या, बोटींवरचे दिवस, शाळेतले मास्तर, गावात पडलेला बर्फ, असे विषय निघतात, दोन माणसे एकमेकांचे वाक्य मध्येच तोडतात, हसतात, पुन्हा मूळ विषयावर येतात. नकाशावरील ठिपक्यावर बोट ठेवले, की त्या गावचा आवाज ऐकू येतो आणि सोबत तो मजकूर लिहिलेलाही दिसतो.

हे वर्णन ऐकून कोणाला वाटेल, की वाक्यरचनेच्या संशोधनाचा कान तयार करण्याशी काय संबंध? माझा अनुभव असा आहे, की न समजण्यामागे उच्चाराइतकीच वाक्याची घडण असते, आणि ते आपल्या लक्षातच येत नाही. ‘धिस नीड्स वॉश्ट’ असे कोणी म्हटले, की आपले मन ‘टु बी’ शोधत राहते आणि तेवढ्या वेळात पुढची दोन वाक्ये निघून जातात. ‘गोना नो डे धॅट’ म्हणजे ‘कृपया तसे करू नका’ ही विनंती आहे, हे एकदा रचनेसह कळले, की पुढच्या वेळी तीच विनंती कितीही वेगाने आली तरी ओळखू येते. ‘ॲम आय नॉट’साठी येणारे ‘ॲम्न्ट आय’ हे रूपही तसेच आहे. ॲटलासमध्ये अशा शेकडो वाक्यांबद्दल लोकांनी ‘असे मी म्हणेन’ आणि ‘असे इथे कोणीच म्हणत नाही’ या दोन टोकांमध्ये गुण दिलेले आहेत आणि ते गुण नकाशावर रंगांनी दिसतात. आपल्या गावात काय ऐकू येणार आहे, याचा अंदाज त्यावरून आधीच बांधता येतो.

मी हे साधन कसे वापरले, ते सांगणे परीक्षणाच्या दृष्टीने गरजेचे आहे. माझ्या गावाच्या जवळचा ठिपका निवडून मी रोज रात्री चार-पाच मिनिटांचा एकच तुकडा तीनदा ऐकला. पहिल्यांदा मजकूर न बघता, दुसऱ्यांदा मजकुरावर बोट ठेवून, तिसऱ्यांदा पुन्हा डोळे मिटून. ऐकलेले शब्द मी वहीत देवनागरीत उतरवत गेले, कारण इंग्रजी लिपीतील स्पेलिंग पाहिले की कानाने ऐकलेले मन पुसून टाकते. देवनागरीत ‘स्पीन’ असे लिहिले, की ते ‘स्पीन’च राहते. दीड महिन्यानंतर काउंटरवर मला प्रश्न पुन्हा विचारावा लागण्याचे प्रसंग स्पष्टपणे कमी झाले.

‘स्पीन’ म्हणजे चमचा. या एका शब्दामुळे मला ईशान्येकडील बोलीची, म्हणजे जिला डोरिक म्हणतात तिची, किल्ली सापडली. प्रमाण इंग्रजीत ज्या जुन्या शब्दांत ‘ऊ’ आहे, तिथे इकडे बहुतेक वेळा ‘ई’ येतो. ‘स्पून’चा ‘स्पीन’, ‘मून’चा ‘मीन’, ‘बूट्स’चा ‘बीट्स’. त्या स्वराआधी ‘क’ किंवा ‘ग’ असेल, तर मध्ये ‘व’ शिरतो. म्हणून ‘गुड’चा ‘ग्वीड’ आणि ‘स्कूल’चा ‘स्क्वील’. घोट्याला इकडे ‘क्वीट’ म्हणतात, तोही त्याच वळणाचा शब्द आहे. पाय मुरगळलेला माणूस ‘क्वीट’ दाखवतो, तेव्हा हे ठाऊक असणे बरे. दुसरी किल्ली म्हणजे प्रश्नवाचक शब्दांच्या आरंभीचा ‘फ’. ‘व्हॉट’साठी ‘फिट’, ‘हू’साठी ‘फा’, ‘व्हेअर’साठी ‘फार’, ‘व्हेन’साठी ‘फान’ आणि ‘हाऊ’साठी तो ‘फू’. जुन्या पिढीच्या तोंडी ‘व्हाइट’सुद्धा ‘फाइट’ होतो, त्यामुळे ‘फाइट पिल’ म्हणजे पांढरी गोळी. ‘फार’ म्हणजे कुठे आणि ‘फान’ म्हणजे केव्हा, हे कळले नाही, तर दूर अंतर आणि पंखा यांच्या मागे मन भटकत राहते. मी स्वतः कितीतरी वेळा तशी भटकले आहे.

बोलीतील फरक अपघाताने पडत नाहीत, त्यांना नियम असतो, हे मराठी माणसाला आपल्या घरातूनच माहीत असायला हवे. वऱ्हाडीत डोळ्याचा ‘डोया’ होतो आणि काळ्याचा ‘काया’ होतो, तेव्हा कोणी चुकत नसते. ‘ळ’च्या जागी ‘य’ येण्याचा तो नियम असतो आणि तो एकदा कळला, की न ऐकलेला शब्दही ओळखता येतो. डोरिक मला अशीच कळत गेली. ‘बोलणे अस्पष्ट आहे’ ही माझी पहिली तक्रार अन्यायाची होती. ते बोलणे पूर्ण स्पष्ट होते, त्याचा नियम मला ठाऊक नव्हता.

आकड्यांचे प्रकरण मात्र नियमानेही सुटत नाही, ते पाठच करावे लागते. एकसाठी मध्य स्कॉटलंडमध्ये ‘यिन’ किंवा ‘वान’ ऐकू येते, इकडे ‘ईन’. आणि ‘ईन’ म्हणजे डोळेसुद्धा. दोनसाठी ‘ट्वा’, चारसाठी ‘फाऊर’, एकदासाठी ‘ईन्स’. काळाचे शब्द तितकेच महत्त्वाचे. ‘द मॉर्न’ म्हणजे सकाळ नव्हे, उद्या. उद्या सकाळ म्हणायचे असेल, तर ‘द मॉर्न्झ मॉर्न’ म्हणतात. ‘द स्ट्रीन’ म्हणजे काल संध्याकाळ किंवा काल रात्र. शेवटची गोळी केव्हा घेतली, या प्रश्नाला ‘द स्ट्रीन’ असे उत्तर आले, तर ते फार्मासिस्टला कळलेच पाहिजे.

ॲटलासची खरी ताकद मला कळली ती दोन ठिपके एकामागून एक ऐकताना. ग्लासगोचा तुकडा लावला, की दीड वर्ष ज्या बोलीत वावरले ती किती निराळी आहे, हे प्रथमच लक्षात आले. तिथे ‘वॉटर’मधला ‘ट’ घशात अडवला जातो, ‘थिंक’चा ‘हिंक’ होतो, शब्दाच्या शेवटचा ‘र’ अनेकांच्या बोलण्यात विरत चालला आहे. त्याहून अवघड असतो सूर. ग्लासगोमध्ये साध्या विधानाच्या शेवटीही सूर वर चढतो. पहिले काही महिने ‘मी गोळ्या संपवल्या’ असे कोणी सांगितले, तरी मला तो प्रश्न वाटायचा आणि मी उत्तर द्यायला लागायचे. ईशान्येकडे तसा चढ नाही, त्यामुळे इथे आल्यावर लोक रागावून बोलत आहेत असे वाटले, तेही खरे नव्हते. ग्लासगोत राहण्याला ‘स्टे’ म्हणतात आणि इथे ‘बाइड’. प्रिस्क्रिप्शन देताना पत्ता विचारायचा असतो, तेव्हा इथल्या वृद्धांना ‘फार ड्ये बाइड?’ असे विचारले की चेहरा खुलतो. पश्चिमेकडे लहान मुलाला ‘वेन’ म्हणतात, पूर्वेकडे ‘बेर्न’. तिथे मला काउंटरवर ‘हेन’ म्हणायचे, इथे ‘क्वाइन’ म्हणतात. दोन्ही शब्दांत ‘बाळा’ म्हणावे तशी माया आहे.

बाकीचा देशही या नकाशावर मनसोक्त फिरता येतो. डंडीचा ठिपका दोन मिनिटे ऐकला तरी तिथली खूण पटते, कारण ‘आय’ हा जोडस्वर तिथे सपाट होऊन ‘ए’कडे जातो आणि खाण्याचा ‘पाय’ ‘पे’ होतो. इंग्लंडच्या सीमेजवळच्या हॉइक भागाला ‘याऊ अँड मी’ची बोली म्हणतात, कारण तिथे ‘यू’चा ‘याऊ’ होतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचे प्रमुख संपादक जेम्स मरे याच परिसरातील डेनम गावी 1837 मध्ये जन्मले आणि त्यांनी 1873 मध्ये आपल्या दक्षिणेकडील बोलीवर ग्रंथ लिहिला होता. याच सीमाभागातील लॉडर गावचे जॉन विल्सन मुंबईत आले, त्यांच्या नावाने विल्सन कॉलेज उभे राहिले आणि मोल्सवर्थच्या मराठी कोशाच्या 1857 च्या आवृत्तीला मराठी भाषेविषयीचे त्यांचे टिपण जोडलेले आहे. लॉडरच्या माणसाने मराठी कानात साठवली ती कशी, असा विचार सीमाभागातले आवाज ऐकताना माझ्या मनात हमखास येतो.

सर्वांत जास्त वेळ मी घालवला तो शेटलंडवर. ऑर्कनी आणि शेटलंड ही बेटे 1468 आणि 1469 मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने मुलीच्या हुंड्यापोटी स्कॉटलंडकडे गहाण टाकली, तेव्हा तिथे नॉर्न नावाची नॉर्स कुळातील भाषा बोलली जात असे. तिचा ठसा आजच्या बोलीत आहे. ‘धिस’ आणि ‘धॅट’ तिथे ‘दिस’ आणि ‘दॅट’ होतात, लहानला ‘पीरी’ म्हणतात, आणि ‘आय हॅव सीन’ ऐवजी ‘आयम सीन’ अशी रचना चालते. ॲटलासच्या नकाशावर ही रचना उत्तरेकडील बेटांवर कशी एकवटली आहे, ते पाहण्यासारखे आहे. मला मात्र भावला तो ‘दू’. शेटलंडमध्ये जवळच्या माणसाला, मित्राला, लहानाला ‘दू’ म्हणतात आणि वडीलधाऱ्याला, परक्याला ‘यू’. इंग्रजी बोलताना गेली कित्येक वर्षे मला जी उणीव जाणवत आली, ती म्हणजे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांच्यातला फरक. तो या बेटांवर जिवंत आहे, हे ऐकून मला माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले.

मराठी कानाला काही गोष्टी मुळातच सोप्या जातात, हे इथे सांगितले पाहिजे, कारण नव्याने येणारे उगाच धास्तावतात. बहुतेक स्कॉटिश बोलींत ‘र’ पूर्ण उच्चारला जातो, आपल्यासारखाच. ‘गोट’ आणि ‘फेस’ यांतले स्वर इकडे आपल्या ‘ओ’ आणि ‘ए’सारखे एकसंध असतात, दक्षिण इंग्लंडमध्ये होतात तसे ते दोन स्वरांत मोडत नाहीत. ‘विच’ आणि ‘ह्विच’ यांतला फरक अनेक जण अजून पाळतात. याउलट ‘पुल’ आणि ‘पूल’ यांच्यातला आपण शाळेत घोकलेला ऱ्हस्व-दीर्घाचा फरक इथे विसरावा लागतो, दोन्ही एकच. स्वराची लांबी इथे स्पेलिंगवर ठरत नाही, पुढे कोणते व्यंजन येते आणि शब्द कुठे तुटतो यावर ठरते. म्हणून ‘ब्रूड’मधला स्वर आखूड आणि ‘ब्रू’ला प्रत्यय लागून झालेल्या ‘ब्रूड’मधला लांब. या नियमाला कोशकार ए. जे. एटकेन यांचे नाव दिले गेले आहे.

दुसरे साधन स्कॉटिश कॉर्पस ऑफ टेक्स्ट्स अँड स्पीच हे आहे. तेही ग्लासगो विद्यापीठाचेच. 1945 नंतरचे लेखन आणि बोलणे मिळून 40 लाखांहून अधिक शब्दांचा हा साठा आहे आणि त्यातला सुमारे पाचवा भाग बोलण्याचा आहे. ध्वनिमुद्रण आणि लिहिलेला मजकूर एकमेकांना ओळीने जोडलेले असल्यामुळे मजकुरातील हव्या त्या जागेपासून ऐकता येते. मला याचा मुख्य उपयोग झाला तो शब्द शोधण्यासाठी. एखादा शब्द घालून शोधले, की तो जिथे जिथे आला त्या जागा मिळतात आणि बोलणारी व्यक्ती कोणत्या भागात, कोणत्या दशकात जन्मली, तिचा व्यवसाय काय, हेही बहुतेक ठिकाणी दिलेले असते. ॲटलासमध्ये गावाकडून शब्दाकडे जावे लागते, इथे शब्दाकडून गावाकडे. मात्र याची मांडणी संशोधकांच्या सोयीची आहे. पहिल्या भेटीत कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही, आणि दिवसभर काम करून दमलेल्या माणसाने इथे आरंभ करू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

तिसरे साधन आहे डिक्शनरीज ऑफ द स्कॉट्स लँग्वेज. दोन मोठे कोश इथे एकत्र शोधता येतात. एक मध्ययुगापासून 1700 पर्यंतच्या स्कॉट्सचा, 12 खंडांचा. दुसरा 1700 नंतरच्या स्कॉट्सचा, 10 खंडांचा, ज्याचे खंड 1931 ते 1976 या काळात निघाले. 2004 पासून हे सारे इंटरनेटवर आहे. प्रत्येक शब्दाखाली वाक्ये दिलेली आहेत आणि ती कोणत्या परगण्यातली, कोणत्या वर्षातली, हे लघुरूपांत नोंदवलेले आहे. माझ्या पेशासाठी हा कोश म्हणजे ठेवाच ठरला. खोकल्याला ‘होस्ट’ म्हणतात, लंगडत चालण्याला ‘हर्पल’, काखेला ‘ऑक्स्टर’, पोटाला ‘वेम’, जखम चिघळून पू होण्याला ‘बीलिन’, अंगात त्राण नसलेल्याला ‘वाबिट’, आणि चेहरा पांढराफटक पडलेल्याला ‘पीली-वॉली’. यातले बरेच शब्द पुस्तकी इंग्रजीत सापडत नाहीत, पण रोज काउंटरवर ऐकू येतात. ‘वाबिट’ आणि नुसते ‘थकलेला’ यांत फरक आहे, आपल्याकडे ‘दमणे’ आणि ‘गळून जाणे’ यांत असतो तसा, आणि कोशातील चार-पाच वाक्ये वाचल्यावर तो बरोबर जाणवतो. गैरसोय एवढीच, की ऐकलेला शब्द कोणत्या स्पेलिंगने शोधायचा, हे कळत नाही. स्कॉट्सचे लेखन एकसारखे ठरलेले नाही. कोश एकाच शब्दाची अनेक रूपे देतो, त्यामुळे एखादे रूप जुळले की बाकीची सापडतात, पण पहिले रूप जुळवायला धीर लागतो.

आता मुख्य साधनातील उणिवांविषयी. ॲटलासचा मजकूर उच्चार दाखवण्यासाठी लिहिलेला नाही. बोलीतले शब्द आणि रूपे त्यात आहेत, पण स्वर कसा उच्चारला, सूर कुठे चढला, हे अक्षरांत दिसत नाही, आणि ज्यांना लिपीचा आधार हवा असतो त्यांची यात अडचण होते. उच्चाराच्या वैशिष्ट्यांनुसार शोधण्याची सोयही नाही. ‘घशात अडवलेला ट जिथे ऐकू येतो ती गावे’ असे विचारता येत नाही. हा दोष त्याच्या उद्दिष्टातून आलेला आहे, तरी वापरणाऱ्याला तो जाणवतोच. जीभ तोंडात नेमकी कशी हलते हे पाहायचे असेल, तर ‘सीइंग स्पीच’ नावाचे आणखी एक विनामूल्य संकेतस्थळ आहे, जिथे अल्ट्रासाऊंड आणि एमआरआयने टिपलेली जिभेची हालचाल दिसते. स्वतः बोली बोलायची असेल त्यांनी ते पाहावे, ऐकण्यापुरते पाहायची गरज नाही. खूप जुन्या पिढीचे, फिरस्त्या समाजातील कथेकऱ्यांचे आवाज हवे असतील, तर ‘टोबर अन ड्युअलकस’ या संग्रहाकडे जावे. 1951 मध्ये एडिनबर्ग विद्यापीठात स्थापन झालेल्या स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीजने गोळा केलेली ध्वनिमुद्रणे त्यात आहेत. त्यातले बोलणे मला अजून अवघड जाते.

आणखी एक उणीव अशी, की ॲटलासमधील माणसे निवांतपणे, खोलीत बसून बोलत आहेत. आमच्याकडे माणूस वेदनेत असतो, मास्क लावलेला असतो, बाहेर वारा वाहत असतो, किंवा फोनवर असतो. फोनवरचे डोरिक समजण्यासाठी मला आणखी तीन महिने लागले आणि त्यात साधनाचा काही दोष नाही.

कोणासाठी हे साधन योग्य आहे? परिचारिका, डॉक्टर, फार्मासिस्ट, वृद्धाश्रमात काम करणाऱ्या मुली, शिक्षक, बस चालवणारे, म्हणजे ज्यांना रोज स्थानिक माणसांचे म्हणणे पहिल्याच वेळी समजून घ्यावे लागते, त्यांनी नोकरीचे गाव कळताच त्या गावाचा ठिपका उघडावा. निव्वळ पर्यटनासाठी येणाऱ्यांना याची गरज नाही, कारण पर्यटकांशी लोक जपून बोलतात. आपल्याकडेही डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण करून लोकांचे आवाज ध्वनिमुद्रित केले आहेत आणि ते इंटरनेटवर ऐकता येतात. गडचिरोलीत किंवा नंदुरबारला बदली झालेल्या पुण्याच्या डॉक्टरने ते ऐकावेत, असे मला या अनुभवानंतर मनापासून वाटते. मी तिकडे काम करत होते, तेव्हा असे काही ऐकण्याचे मला सुचलेही नव्हते.

तिन्ही साधनांत मी पहिला क्रम ॲटलासला देईन, दुसरा कोशाला आणि तिसरा कॉर्पसला. ॲटलास आणि कोश एकत्र वापरले, तर दोन महिन्यांत कानाला एका गावाची सवय होते. एका गावाची, एवढेच. पुढच्या महिन्यात मला दोन आठवड्यांसाठी शेटलंडला बदली कामावर जायचे आहे, म्हणून सध्या रोज रात्री तिथले ठिपके लावते. वहीत ‘दिस’, ‘दॅट’, ‘पीरी’ यांच्या ओळी भरत चालल्या आहेत. कोणत्या वयाच्या माणसाने मला ‘दू’ म्हटले तर ती जवळीक समजायची, आणि मी कोणाला ‘यू’च म्हणायचे, हे मात्र नकाशावरून अजून ठरवता आलेले नाही. ते तिथल्या सहकाऱ्यांनाच विचारावे लागेल.